गडावरचा केर

किल्ल्यांची स्वच्छता हा विषय आपण अलीकडे सहल आणि शिस्त यांच्या सदरात घालून टाकला आहे. तरुणांची एखादी तुकडी रविवारी पहाटे पोती, घमेली आणि फावडी घेऊन गड चढते, दिवस कलताना बाटल्यांनी फुगलेली पोती पाठीवर घेऊन उतरते, आणि आपण त्यांना शाबासकी देऊन मोकळे होतो. परंतु या कामाची वंशावळ आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ जुनी आहे. गड झाडणे हे मूळचे समाजसेवेचे काम नव्हेच. ते लष्करी काम होते.

याला आधार आहे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा. इ. स. १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या नावाने सिद्ध झालेल्या या राजनीतिपर ग्रंथात दुर्गांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात तट, बुरूज, दारूगोळा, हवालदार-सबनीस यांचा विचार असणार हे उघडच आहे. नवल वाटते ते असे की, त्याच गंभीर स्वरात अमात्य केरासंबंधीही लिहितात. रस्ते, बाजार व तट यांच्या आसपास काडीकचरा साचू देण्यास त्यांची सक्त मनाई आहे. केर कड्यावरून लोटून देण्यासही मनाई आहे. तो जागीच जाळावा, आणि राख परसातल्या भाजीपाल्यास खत म्हणून घालावी. तटावर वाढलेली झाडे तोडून, तटाखालचे गवत जाळून किल्ला मोकळा करण्याच्या कामाला तर तेथे ‘गड न्हाणणे’ असा मोठा गोड शब्द आहे. माणसाप्रमाणे गडालाही स्नान घालावे लागते!

यामागे शुद्ध व्यवहार होता. पिंपळाचे मूळ एकदा चिऱ्यांच्या सांध्यात शिरले म्हणजे तोफेचे काम ते सावकाश करीत राहते. वाळलेल्या गवतात शत्रूला दबा धरता येतो आणि आगही लावता येते. आणि वेढा पडल्यावर शिबंदी जगते ती टाक्यांतल्या पाण्यावर. ते पाणी नासले तर दरवाजे न फुटताही गड पडतो.

मग ही व्यवस्था मोडली कशी? झाडणारा माणूसच गडावरून गेला. गडकऱ्यांना चाकरीबद्दल जमिनी असत, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकेका गडाशी त्यांचे घर बांधलेले असे. इ. स. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल प्रॉथरने तोफा डागून रायगड घेतला. त्या आगीत वरचे वाडे जळाले. बेळगावच्या श्रोत्यांना अधिक जवळचे उदाहरण गडहिंग्लज तालुक्यातील सामानगडाचे आहे. कोल्हापूर राज्यात इंग्रजांनी बसविलेल्या कारभाऱ्यांनी गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदाराच्या ताब्यात देण्याचा घाट घातला, तेव्हा इ. स. १८४४ मध्ये सामानगड आणि भुदरगड येथील गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. ऑक्टोबरात सामानगड पडला, गडकऱ्यांची ती संस्थाच मोडली गेली, आणि किल्ले निःशस्त्र झाले, तसेच निर्मनुष्यही झाले. बंड इतिहासात नोंदले गेले. त्या दिवसापासून टाक्यांत गाळ साचू लागला, त्याची नोंद मात्र कोणी केली नाही.

पुढे काय झाले ते एका इंग्रजानेच लिहून ठेवले आहे. जेम्स डग्लस याने इ. स. १८८३ च्या आपल्या ग्रंथात रायगडावरील समाधीवर माजलेल्या रानाचे वर्णन करून, या राजाची आठवण आता कोणालाच नाही, असा टोला दिला. त्यावर सरकारने समाधीच्या देखभालीस मंजूर केलेली रक्कम किती? वर्षास पाच रुपये. लोकांना हे झोंबले. इ. स. १८९५ मध्ये टिळकांनी समाधीसाठी निधी उभारण्याची चळवळ हाती घेतली आणि दुसऱ्या वर्षी रायगडावर उत्सव झाला. म्हणजे स्वयंसेवकाचा गडावरचा प्रवेश हा गडकऱ्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवरचा प्रवेश आहे.

आज अडचण उलटी आहे. रान माजण्याइतका एकांत गडाला उरलेला नाही. इ. स. २०२५ च्या जुलैमध्ये रायगड, राजगड, साल्हेर, पन्हाळा, विजयदुर्ग आदी महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी, असे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. माणसे येणार, आणि यावीतही. पण त्यांच्याबरोबर येते ते प्लॅस्टिक, आणि येथे अमात्यांची युक्ती चालत नाही. ते जाळले तर विषारी धूर होतो. राख भाजीपाल्याला घालण्याच्या लायकीची नसते. ते उचलून खाली आणणे एवढा एकच उपाय आहे, आणि रायगडाच्या पायऱ्या उतरताना ओझे कसे वाटते, हे उतरणाऱ्यालाच विचारावे. त्या मानाने गडावर ताक विकणारी बाई बरी. तिचा पेला धुऊन पुन्हा भरतो. मागे काही उरत नाही.

मात्र उत्साहालाही लगाम हवा. टाक्यातला गाळ हा नुसता चिखल नसतो. त्यात खापरे, खिळे, गोळे, क्वचित नाणी दडलेली असतात, आणि कोणती वस्तू कोणत्या थरात सापडली यावर तिचा अर्थ अवलंबून असतो. रायगडावर पुरातत्त्वखात्याने पद्धतशीर उत्खनन केले तेव्हा इ. स. २०२१ मध्ये सोन्याची एक बांगडी मिळाली. तीच घमेल्यातून कड्याखाली गेली असती तर? संरक्षित स्मारकात परवानगीवाचून खोदणे इ. स. १९५८ च्या कायद्याने मना आहे, ते उगाच नव्हे. बाटली उचलायला कोणाची परवानगी नको. गाळ उपसायचा असेल, पडलेला चिरा हलवायचा असेल, तर आधी जाणकार बोलवावा. चिऱ्यांना तैलरंग फासण्याचा मोह तर सर्वस्वी टाळावा.

आणखी एक गोष्ट राहते. पोती पायथ्याशी आली म्हणजे काम संपले असे आपण मानतो. पण पायथ्याचे गाव लहान, ग्रामपंचायत त्याहून लहान. कचरा वेगळा करून वाहून नेण्याची सोय तेथे असेलच असे नाही. मग पहिल्या वळवाच्या पावसात ती पोती फुटतात आणि गडावरचा केर ओढ्यात जातो. म्हणून मोहीम आखताना गडावर किती जण चढणार याआधी, खाली गाडी कोणाची आणि ती पोती कोठे नेणार, हे ठरलेले असावे.