बांधाचा कज्जा आणि गोतसभेची रीत

शेजाऱ्याने नांगराचा एक तास आत घातला, कुंपणाचा निवडुंग हातभर पुढे सरकला, की भांडण उभे राहते आणि ते नातवंडांपर्यंत पुरते. खेड्याशी ज्याचा संबंध आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. आजच्या थ्रेडमध्ये प्रश्न असा आहे: शिवकाळात आणि पेशवाईत असा वाद न्यायाला गेला, तर हरणाऱ्यालाही निवाडा मान्य व्हावा यासाठी कोणती तजवीज होती?

वाद प्रथम गोतसभेपुढे येई. पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार, वतनदार असे गावाचे 'गोत' त्यात बसे. प्रकरण मोठे असेल तर सरकारी अंमलदारही येत, आणि दिवाण व गोत मिळून मजलस भरे. फिर्याद करणारा तो अग्रवादी, उत्तर देणारा तो पश्चिमवादी. ऐकणी सुरू होण्यापूर्वीच दोघांकडून राजीनामा लिहून घेत. आज राजीनामा म्हणजे पद सोडणे, पण तेव्हाचा अर्थ शब्दशः 'राजी असल्याचा लेख' असा होता. सभा जो निवाडा देईल तो मान्य, अशी ही आगाऊ कबुली. तिच्या जोडीला जामीन. मग दोघांच्या तकरिरी, म्हणजे जबान्या, लेखी नोंदवल्या जात.

आणि गावच्या गोतावरच भरवसा नसेल तर? पाटील प्रतिपक्षाचा सोयरा निघाला तर? अशा वेळी वादी 'परस्थळ' मागू शके. म्हणजे प्रकरण दुसऱ्या गावच्या सभेकडे नेण्याची विनंती. या सगळ्या व्यवस्थेत मला सर्वांत आधुनिक वाटणारी गोष्ट हीच. न्यायाधीश तटस्थ आहे की नाही, ही शंका घेणे येथे उद्धटपणा मानला जात नसे. ती रीतीचाच भाग होती.

पुराव्याचा क्रम धर्मशास्त्राने घालून दिलेला होता. लेख, भोगवटा आणि साक्षी हे तीन मानवी पुरावे संपले, तरच दिव्य. सीमेच्या वादासाठी मात्र स्मृतिकारांनी स्वतंत्र प्रकरणच लिहिले. मनूने सीमा ठरवायला ज्येष्ठ महिना सांगितला, कारण त्या दिवसांत खुणा उघड्या दिसतात. (पेरणीपूर्वीचे मोकळे शेत डोळ्यांपुढे आणा, कारण लगेच कळेल.) जमिनीखाली हाडे, कोळसा, तूस, खापऱ्या पुरून ठेवाव्यात असेही तो सांगतो. वरची खूण उपटता येते, पुरलेली सहसा नाही. याज्ञवल्क्याच्या मते सीमा दाखवावी ती शेजारच्या शेतकऱ्यांनी, वृद्धांनी, गुराख्यांनी, रानात वावरणाऱ्यांनी. ज्ञान पायांखाली असते, पोथीत नव्हे, हे पोथीनेच मान्य केले होते! असे माणूस चार, आठ किंवा दहा असावेत. तांबडी वस्त्रे, तांबड्या माळा, डोक्यावर माती, अशा वेशात त्यांनी सीमा चालून दाखवावी. त्यानंतर तीन पंधरवडे त्यांच्यावर दैवी वा राजकीय संकट आले नाही, तर ती सीमा खरी.

मराठी मुलखात शीव चालण्याचे हे काम अनेकदा गावच्या महाराकडे येई. गावाची हद्द त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नसे, आणि तिच्याबद्दलचा त्याचा शब्द वजनदार मानला जाई. येथे थांबले पाहिजे. ज्याला वेशीबाहेर राहावे लागे, त्याच्याच स्मरणावर गावाची हद्द टिके. वाद इतरांच्या जमिनीचा, पण शपथेचे ओझे याच्या माथ्यावर. पद्धत दोन्ही वाद्यांना समान वागवत होती असे म्हणताना, तिसऱ्या माणसाचा हिशेब कोणी ठेवला हे विचारावेच लागते.

दिव्यातही नियमांचा बारकावा दिसतो. तापलेल्या तेलातून धातूचा रवा काढण्यापूर्वी हात धूत, नखे काढत, हातावरचे जुने व्रण टिपून ठेवत. नंतर हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहोर लावत. श्रद्धा देवावर असली तरी फसवणुकीची शंका माणसांवर होती.

शेवटी महजर लिहिला जाई. हजर असलेल्यांची नावे, साक्षी, आणि अक्षरशत्रूंच्या निशाण्या: पाटलाचा नांगर, बलुतेदारांची आपापली हत्यारे. जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी सरकारात जमा होई. दोन्ही हातांनी वसुली करणारा न्याय पूर्ण निःस्पृह राहू शकतो का, हा संशय मला आहे.

१८१९ च्या अहवालात एल्फिन्स्टनने पंचायतीची दिरंगाई, पंचांची गैरहजेरी आणि निवाडा अंमलात आणण्याची दुर्बलता नोंदवली, तरी लोकांचा तिच्यावर विश्वास असल्याचेही मान्य केले. पण बांधाच्या वादाचे स्वरूप बदलले ते कायद्यापेक्षा मोजणीने. १८३० च्या दशकात इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पाहणी सुरू केली. तिच्यातून पुढे सर्व्हे नंबर, हद्दीचे दगड आणि नकाशे आले. वृद्धाची आठवण मागे पडली, साखळीचे माप पुढे आले.

तरी एक धागा तुटलेला नाही. आजही शासकीय मोजणीपूर्वी लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, आणि मोजणीदार आला की बांधावर शेजारी उभे असतात.