दिव्यांगांची आंतरराष्ट्रीय तिरंदाजी आणि सातारा-सांगली

29 जुलै 1948 रोजी इंग्लंडमधील स्टोक मँडविल रुग्णालयाच्या आवारात डॉ. लुडविग गुटमन यांनी 16 जायबंदी माजी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजी स्पर्धा भरविली. चाकांच्या खुर्चीत बसून खेळता येणारा हा खेळ पुनर्वसनाचाच भाग होता. 1960 च्या रोम पॅरालिंपिकमध्येही त्यास स्थान मिळाले.

या परंपरेशी सांगलीचे नाते जोडले ते 1965 च्या युद्धात जखमी झालेल्या मुरलीकांत पेटकर यांनी. 1972 मध्ये हायडेलबर्ग येथे जलतरणात त्यांनी भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. तिरंदाजीतील पहिले भारतीय पॅरालिंपिक पदक हरियाणाच्या हरविंदर सिंग यांनी 2021 मध्ये टोकियोत, तर सुवर्ण 2024 मध्ये पॅरिसमध्ये जिंकले. साताऱ्याच्या अदिती स्वामी 2023 मध्ये सर्वसाधारण गटात जगज्जेत्या ठरल्या. दिव्यांगांची जिद्द आणि धनुर्विद्या यांचा वारसा शेजारच्या दोन जिल्ह्यांत असताना दिव्यांग विद्यार्थ्यांस सरावाचे मैदान खुले करणे, हे येथील महाविद्यालयांचे कर्तव्य ठरते.