वार्ता आणणारा माणूस

आपल्या नीतिशास्त्रकारांनी राजाला ‘चारचक्षु’ म्हटले आहे. हेर हेच त्याचे डोळे. आता विमाने आणि उपग्रह आकाशातून टेहळणी करतात. तरीही युद्धाची पहिली चाहूल पुष्कळदा एखाद्या गुराख्याला लागते. आणि ती सांगावी की गिळून टाकावी, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते.

५ ऑगस्ट १९६५ रोजी गुलमर्गच्या परिसरात महंमद दीन हा गुज्जर तरुण गुरे चारीत होता. सशस्त्र अनोळखी इसमांनी त्याला गाठून माहितीच्या मोबदल्यात पैसे देऊ केले. त्यांना संशय येऊ न देता तो निसटला आणि त्याने तंगमर्गच्या पोलिसांना वर्दी दिली. त्याच दिवशी पूंछ जिल्ह्यातील मेंढर भागात वजीर महंमद या ग्रामस्थानेही अशीच खबर लष्कराला पोहोचविली. पाकिस्तानचे ‘ऑपरेशन जिब्राल्टर’ अशा रीतीने प्रारंभीच उघडकीस आले. या मोहिमेच्या आखणीत शस्त्रांचा आणि डोंगरवाटांचा हिशेब होता. काश्मीरची जनता घुसखोरांच्या हाकेसरशी बंड करून उठेल, हे मात्र गृहीतच धरले होते. उठाव झाला नाही. जनतेच्या मनाचा ठाव न घेता रचलेली योजना त्या जनतेतल्याच माणसांनी उघडी पाडली.

चौतीस वर्षांनी कारगिलच्या डोंगरांत असाच प्रसंग घडला. मे १९९९ च्या आरंभी गारकोन गावचे ताशी नामग्याल हरवलेला याक शोधीत असता त्यांना दुर्बिणीतून उंचावर काही माणसे खणताना दिसली. त्यांनी जवळच्या लष्करी ठाण्याला कळविले. परंतु हिवाळ्यात रिकाम्या राहिलेल्या शिखरांवर शत्रूने तोवर पाय रोवले होते. ही माणसे मुजाहिदीन असावीत असा प्रथम समज झाला. वस्तुतः त्यांत पाकिस्तानच्या ‘नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्री’चे सैनिक होते. वार्ता मिळाली, पण तिचा खरा अर्थ उमगण्यात मोलाचे दिवस गेले. पुढे के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने गुप्तवार्ता व्यवस्थेतील उणिवांवर, विशेषतः निरनिराळ्या खात्यांमधील समन्वयाच्या अभावावर, बोट ठेवले.

वार्ता देणाऱ्याला तिची किंमतही मोजावी लागते. मोहीम आटोपली की सैन्य छावणीत परतते. तो मात्र त्याच गावात, त्याच रानवाटांवर वावरत असतो. महंमद दीनला राष्ट्राने ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. १९९० मध्ये दहशतवाद्यांनी त्याची हत्या केली. सीमेवरचा गुराखी आपण होऊन ठाण्याच्या दारात येतो, तो त्या ठाण्यावर विश्वास टाकून. त्याचे म्हणणे वेळीच ऐकून घेणे आणि पुढेही त्याला अंतर न देणे, हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे. ते चुकले, तर पुढच्या वेळी गुराखी पाहील सारे, आणि गुरे हाकीत मुकाट्याने घरी जाईल.