अल्झायमरच्या रक्तचाचण्या

अल्झायमर रोगात मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड व टाऊ प्रथिनांचा माग रक्तातून काढणाऱ्या चाचण्या. पी-टाऊ 217 आणि अमायलॉइड-बीटा 42 यांच्या गुणोत्तरावर आधारलेल्या चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे 2025 मध्ये मान्यता दिली. ती 55 वर्षे व त्यापुढील, लक्षणे दिसणाऱ्या व्यक्तींसाठी आहे. जळगाव-धुळ्यात तिचे मोल अधिक आहे: प्रमाण मराठीतल्या लेखी-तोंडी स्मृतिचाचणीत अहिराणी बोलणारी, शाळेची पायरी न चढलेली आजी बुद्धी शाबूत असूनही मागे पडू शकते, रक्ताला भाषेची अट नाही. मूत्रपिंडाच्या विकारातही पी-टाऊ वाढते, हा आक्षेप खरा आहे. म्हणून क्रिएटिनिनची, आणि विसरण्याची इतर कारणे पाहण्यासाठी बी-12 व थायरॉइडची तपासणी सोबत हवीच. केवळ वय झाले म्हणून निरोगी माणसाने ही चाचणी करून घेऊ नये.