चाकूवर एचिंग करताय? आधी लाकडी मुठीचं काय होतं ते वाचा

दमास्कस चाकूचे रील्स तुम्ही नक्की पाहिले असतील. साधं राखाडी पातं तपकिरी द्रवात बुडवतात आणि काही मिनिटांत बाहेर काढल्यावर त्यावर लाटांची नक्षी उमटलेली असते. मग आपल्याही मनात येतं, घरातल्या चाकूवर असं काही करावं, निदान नाव तरी कोरावं. पण या व्हिडिओंमध्ये एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. बहुतेक कारागीर पातं बुडवतात तेव्हा त्याला मूठ बसवलेलीच नसते. आपल्या घरातल्या चाकूला मात्र ती असते, आणि बऱ्याचदा लाकडाची. हे रसायन लाकडावर काय परिणाम करतं आणि मूठ कशी वाचवायची, ते या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात उत्तर

एचिंगचं रसायन लाकडाला लागलं तर तीन गोष्टी होतात. लाकडावर काळा डाग पडतो, लाकडाचे तंतू कमकुवत होतात आणि मुठीच्या आत लपलेलं लोखंड गंजू लागतं. यातला डाग लगेच दिसतो. पण खरा धोका तिसऱ्या गोष्टीत आहे, कारण ती दिसतच नाही.

हे रसायन नेमकं कोणतं?

सगळ्यात जास्त वापरलं जातं ते फेरिक क्लोराइड. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना ते ओळखीचं आहे. पीसीबीवरचं नको असलेलं तांबं काढायला प्रॅक्टिकलमध्ये हेच वापरतात. पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ते सहज मिळतं.

पोलादावर ते असं काम करतं: फेरिक क्लोराइडचे दोन रेणू लोखंडाचा एक अणू विरघळवतात आणि त्यातून फेरस क्लोराइडचे तीन रेणू तयार होतात. दमास्कस पात्यात दोन प्रकारच्या पोलादाचे थर असतात. निकेल असलेला थर कमी झिजतो आणि चमकदार राहतो, साधा कार्बन पोलादाचा थर जास्त झिजतो आणि काळा पडतो. यातूनच नक्षी दिसते.

पाण्यात मिसळल्यावर फेरिक क्लोराइड आम्लधर्मी होतं. त्याचा पीएच साधारण १ ते २ असतो. म्हणजे लाकडासमोर एकाच वेळी तीन पाहुणे येतात: आम्ल, लोहाचे आयन आणि क्लोराइड. तिघांचं काम वेगवेगळं आहे.

लाकडावर होणारे तीन परिणाम

१. काळा डाग (लोहामुळे)

केळफूल किंवा कच्चा फणस लोखंडी विळीवर चिरला की विळी आणि हात दोन्ही काळे होतात, हे घरात पाहिलंच असेल. त्यात टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. टॅनिन आणि लोह एकत्र आले की निळसर काळं संयुग तयार होतं. हिरडा आणि लोखंड वापरून कापडाला काळा रंग देतात तो याच तत्त्वावर, आणि जुन्या काळातली काळी शाईसुद्धा अशीच बनायची. अनेक लाकडांतही टॅनिन असतं. म्हणून हा डाग वरून लागलेल्या रंगासारखा नसतो, तो तंतूंच्या आत तयार होतो. साबणानं तो निघत नाही.

२. तंतू कमकुवत होणं (आम्लामुळे)

लाकडाची ताकद सेल्युलोजच्या लांब साखळ्यांमध्ये असते. आम्ल या साखळ्या तोडतं. एखादा थेंब लगेच पुसला तर फारसं बिघडत नाही. पण द्रव आत मुरला आणि तसाच राहिला, तर तिथलं लाकूड हळूहळू ठिसूळ होतं.

३. आतून गंज (क्लोराइडमुळे)

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. मुठीचं पात्याकडचं टोक म्हणजे या नळ्यांची उघडी तोंडं. तिथून द्रव वातीत तेल चढावं तसा आत जातो. आत असतो टँग, म्हणजे पात्याचा मुठीत गेलेला भाग. क्लोराइड हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि गंज वाढवत राहतं. रिव्हेट पितळेचे असतील तर फेरिक क्लोराइड त्यातलं तांबंही खातं. बाहेरून चाकू छान दिसतो, आणि एक दिवस भोपळा कापताना जोर लावला की मूठ सैल होते किंवा टँग तुटतो. तेव्हा हात पात्याच्या अगदी जवळ असतो.

कोणतं लाकूड किती टिकतं?

- बाभूळ, ओक, अक्रोड: टॅनिन जास्त. पटकन आणि गडद काळे पडतात.
- साग: तेलकट असल्यामुळे पाणी जरा कमी शोषतो, पण सुरक्षित अजिबात नाही.
- मेपल, पाईन: टॅनिन कमी, डाग फिका. पण आम्ल आणि क्लोराइडचा त्रास तेवढाच.
- स्टॅबिलाइज्ड लाकूड: छिद्रांत रेझिन भरलेलं असतं, त्यामुळे सगळ्यात कमी शोषतं.

मुठीचं लाकूड कोणतं हे माहीत नसेल तर मी एक सोपी चाचणी सुचवेन. व्हिनेगरमध्ये लोखंडी खिळे दोन-तीन दिवस ठेवा. त्याच लाकडाचा टाकाऊ तुकडा मिळाला तर त्यावर हे पाणी लावा. काळा पडला तर टॅनिन आहे. यावरून हेही कळतं की व्हिनेगरनं एचिंग केलं तरी डागाचा धोका टळत नाही.

मूठ वाचवायची कशी?

१. मूठ काढता येत असेल तर काढा. याहून चांगला उपाय नाही.
२. काढता येत नसेल तर पातं आणि मूठ जिथे जुळतात ती फट आधी मेण किंवा नेलपॉलिशनं बंद करा. मग पूर्ण मुठीवर विनाइल टेप गुंडाळा. नुसती टेप पुरेशी नाही, द्रव तिच्या खालून सरकतो.
३. चाकू टोक खाली करून धरा आणि द्रवाची पातळी मुठीपासून निदान २ सेंमी खाली ठेवा.
४. फक्त नाव कोरायचं असेल तर पातं बुडवूच नका. कापसाच्या काडीनं तेवढ्याच जागी द्रव लावा.
५. बाहेर काढल्यावरही टोक खालीच ठेवून धुवा. टोक वर केलं की ओघळ थेट मुठीत जातो.
६. पात्यावर खाण्याच्या सोड्याचं पाणी लावा, पुन्हा धुवा, कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा.

आणखी एक: पीसीबीसाठी वापरून झालेलं द्रावण चाकूला वापरू नका. त्यात विरघळलेलं तांबं असतं आणि ते पोलादावर बसतं.

डाग पडलाच तर?

लगेच भरपूर पाण्यानं पुसा आणि सोड्याचं पातळ पाणी लावा. सोडा जास्त वेळ ठेवू नका, टॅनिनवालं लाकूड त्यानंही गडद होतं. पूर्ण वाळल्यावर बारीक सँडपेपर मारा आणि जवसाचं तेल लावा. तेलाचा बोळा चुरगाळून ठेवू नका, तो आपोआप पेटू शकतो. तो मोकळा पसरून वाळवा. ऑक्झॅलिक ॲसिडनं डाग फिका होतो, पण ते विषारी आहे. स्वयंपाकाच्या चाकूसाठी मी ते सुचवणार नाही. द्रव फटीत गेल्याची शंका असेल तर मूठ बदलून घ्या.

सुरक्षिततेसाठी

- हातमोजे आणि चष्मा हवाच, खिडकी उघडी ठेवा.
- भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं घ्या. ॲल्युमिनियमचं नको, त्याच्याशी जोरदार अभिक्रिया होते.
- पावडर पाण्यात थोडी थोडी टाका, पावडरीवर पाणी ओतू नका. द्रावण तापतं.
- वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. स्टीलचं सिंकही ते खातं. कॉलेजच्या लॅबमध्ये विचारून तिथल्या रासायनिक कचऱ्यात द्या.

माझं मत विचाराल तर पहिला प्रयोग आजीच्या जुन्या चाकूवर करू नका. एखादं मूठ नसलेलं जुनं पातं घ्या. नक्षी बिघडली तर पुन्हा घासून काढता येते, पण मुठीत मुरलेलं क्लोराइड बाहेर काढणं जवळपास अशक्य आहे.