हाल्वोरसेन आणि हार्डर : एकाच संघातील दोघांच्या दोन वाटा

१/
७ ऑगस्ट १९३६, बर्लिन. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्यपूर्व फेरीत यजमान जर्मनीसमोर नॉर्वे. प्रेक्षकांत खुद्द हिटलर. नॉर्वेने सामना २-० असा जिंकला. दोन्ही गोल माग्नार इसाक्सेनचे. शिटी वाजण्यापूर्वीच हिटलर मैदान सोडून गेला.

२/
या विजयामागचा सूत्रधार जर्मन फुटबॉल आतून ओळखून होता. त्याचे नाव आस्ब्यर्न हाल्वोरसेन. जन्म १८९८, नॉर्वेतील सार्प्सबोर्ग. तो 'सेंटर हाफ' खेळे. त्या काळच्या रचनेत हा खेळाडू बचाव आणि चढाई यांच्या मधोमध उभा राही. प्रतिस्पर्ध्याचा हल्ला थोपवणे आणि तिथूनच आपली चढाई रचणे, ही दोन्ही कामे त्याची.

३/
१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये नॉर्वेने ग्रेट ब्रिटनला ३-१ असे नमवून खळबळ उडवली. त्या संघात हाल्वोरसेन होता. लवकरच तो जर्मनीतील हाम्बुर्ग शहरी गेला आणि 'हाम्बुर्गर एसव्ही' या संघाचा कणा बनला. १९२३ आणि १९२८ मध्ये हा संघ जर्मनीचा विजेता ठरला.

४/
दोन्ही वेळी संघाच्या आघाडीला होता ओटो हार्डर, टोपणनाव 'टुल'. जर्मनीतील गाजलेला गोलवीर. हाल्वोरसेनने मागून चेंडू पुरवावा आणि हार्डरने तो जाळ्यात धाडावा, अशी ही जोडी वर्षानुवर्षे जमली होती.

५/
१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. हार्डर त्यांच्या पक्षात आधीच होता. आता तो एसएस या संघटनेतही दाखल झाला. हाल्वोरसेन मायदेशी परतला, नॉर्वेच्या फुटबॉल संघटनेचा सचिव झाला आणि राष्ट्रीय संघाची धुराही त्याने वाहिली. १९३६ च्या त्या स्पर्धेत नॉर्वेने कांस्यपदक मिळवले.

६/
एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे व्यापला. नव्या सत्तेने क्रीडासंघटना आपल्या ताब्यात घेताच खेळाडूंनी अनोखे शस्त्र उपसले : खेळण्यास नकार! अधिकृत सामने होत, पण नामवंत खेळाडू फिरकत नसत आणि प्रेक्षागारे ओस पडत. या क्रीडासंपाच्या प्रमुख नेत्यांपैकी एक हाल्वोरसेन होता.

७/
१९४२ मध्ये त्याला अटक झाली. आधी ओस्लोजवळची ग्रिनी छावणी. मग सीमेपलीकडे नात्सवायलर, फाइहिंगेन, नॉयएनगाम्मे या छळछावण्या. यांतील नॉयएनगाम्मे हाम्बुर्गलगतच होती. ज्या शहराने त्याला डोक्यावर घेतले होते, त्याच्याच वेशीवर तो बंदिवान झाला.

८/
आणि हार्डर? युद्धकाळात त्याने याच नॉयएनगाम्मे छावणीत एसएसचा पहारेकरी म्हणून काम केले होते. पुढे हानोफरजवळच्या आलेम या तिच्या उपछावणीचा तो प्रमुख झाला. तेथे उपासमार, रोगराई आणि कष्टांनी शेकडो ज्यू कैदी मेले. १९४७ मध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयाने युद्धगुन्हेगार म्हणून त्याला १५ वर्षांची शिक्षा सुनावली. १९५१ मध्येच तो सुटला.

९/
स्वीडिश रेड क्रॉसच्या 'पांढऱ्या बसगाड्यां'नी १९४५ मध्ये हाल्वोरसेनची सुटका केली. शरीर खंगले होते, तरी तो पुन्हा फुटबॉल संघटनेच्या कामाला लागला. मात्र छावण्यांत गमावलेली प्रकृती परत आली नाही. जानेवारी १९५५ मध्ये, ५६ व्या वर्षी, नार्विक येथे त्याचे निधन झाले. हार्डर पुढच्याच वर्षी वारला.

१०/
'खेळात राजकारण नको' हे वाक्य आजही वारंवार ऐकू येते. १९४० च्या नॉर्वेत राजकारण स्वतःच मैदानात उतरले होते. तेव्हा खेळत राहणे म्हणजे त्या सत्तेला मान्यता देणे, हे हाल्वोरसेनने ओळखले. आयुष्यभर ज्या खेळाने त्याला ओळख दिली, तो थांबवण्याचे धैर्य त्याने दाखवले आणि त्याची पुरेपूर किंमत मोजली.

#इतिहास #फुटबॉल #दुसरे_महायुद्ध