पाथरी: लेट्यूसची गावाकडची बहीण

आईसबर्ग, रोमेन, लोलो रोसो. पुण्याच्या बाजारात लेट्यूसचे हे प्रकार आता सहज मिळतात, पण त्यातलं एकही नाव आपलं नाही. काष्ठौषधीच्या दुकानात त्याचं बी 'तुख्म-ए-काहू' म्हणून मिळतं, तेही फारसी. मग मराठीला हा पाला माहीतच नव्हता का?

होता, पण त्याची बहीण म्हणून. बांधावरच्या तणांची नोंद करायला हिवरे बाजारला गेलो होतो. एका आजींनी जमिनीला चिकटलेल्या रोपाचं पान तोडलं. देठातून पांढरा चीक आला. "पाथरी हाय. भाकरीसंगं कच्ची खायची." ही लॉनिया प्रोकम्बेन्स. कुळच नव्हे, कुळातला गटही लेट्यूसचाच. आणि गंमत बघा, लेट्यूसचं शास्त्रीय नाव लॅक्टुका, ते लॅटिनमधल्या 'दूध' या शब्दावरून आलंय. आपल्याकडे पाथरी दुभत्या जनावरांना घालतात, दूध वाढावं म्हणून. (हिवरे बाजारचं दूध वाढलं ते चराईबंदी आणि पाणलोटाच्या कामांनी. पाथरीला त्याचं श्रेय देऊ नका!)

इथवर सगळं छान. अडचण सुरू झाली जुनी पुस्तकं उघडल्यावर. डायमॉक, वॉर्डन आणि हूपर यांच्या १८९०च्या दशकातल्या 'फार्माकोग्राफिया इंडिका'मध्येही पाथरी सापडते, पण ती समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत पसरणारी, आजच्या नावाने लॉनिया सारमेंटोसा. गोव्यात पोर्तुगीजांनी तिला 'आल्मेरांव' म्हटलं. हे त्यांच्याकडच्या चिकोरीचं नाव. घरची भाजी दिसली नाही की तिच्यासारखी दिसणारी शोधून तेच नाव द्यायचं, परदेशात माणूस असंच करतो. सॉन्कस ही तिसरी चुलतबहीण. पांढऱ्या केसाळ बियांमुळे असेल, तिला 'म्हातारा' म्हणतात, पण काही याद्यांत तीही पाथरीच!

म्हणजे कुणी 'पाथरी यकृताला चांगली' असं लिहिलं, तर नेमकी कोणती? कोकणातली माहिती नगरच्या रोपाला चिकटवली की पुढचे दहा पेपर तीच चूक करत जातात. माझ्याही पहिल्या तक्त्यात ती होती; मार्गदर्शकांनी लाल पेनने गोल केला. आता मी स्थानिक नावाशेजारी माती लिहितो: काळी, मुरमाड, वाळू.

तुमच्याकडे पाथरीला काय म्हणतात ते जरूर कळवा. सोबत ती कुठे उगवते आणि पान तोडल्यावर चीक येतो का, एवढंही लिहा.